बंद गाडीची टकटक

चावी फिरवून इंजिन बंद केलं, दार लावलं आणि दोन पावलं पुढे गेलं की गाडीच्या पोटाखालून टक्, टक्-टक्, मध्येच एखादा टण् असा आवाज सुरू होतो. लांबचा प्रवास करून आलेली गाडी दहा-पंधरा मिनिटं अशी वाजत राहते. जुन्या गाडीचा मालक तिकडे लक्षही देत नाही. नवी गाडी घेतलेल्याच्या मात्र पोटात गोळा येतो. हप्ते आत्ता कुठे सुरू झालेत आणि इतक्यात काही तुटलं की काय? गॅरेजमध्ये विचारावं तर 'तसं होतंच साहेब' एवढ्यावर बोळवण होते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बंद गाडीतून येणारे सगळेच आवाज 'तसं होतंच'मध्ये बसत नाहीत. आणि कोणता आवाज बसतो, कोणता नाही, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीकडे लक्ष देतो. आवाज केवढा मोठा आहे, कुठून येतोय, धातूचा आहे की हवेचा, यावर आपली काळजी कमी-जास्त होते. खरं तर पाहायला हवी ती आवाजाची लय. विरळ होत होत थांबणारा आवाज निवणाऱ्या धातूचा असतो. एकाच लयीत चालणारा आवाज कशाच्या तरी चालण्याचा असतो, आणि ते काय चाललंय हे मात्र माहीत करून घ्यावं लागतं.

हे पटायला आधी गाडीत उष्णता किती आणि कुठे साठते ते पाहू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली साधारण पाव ते एक तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुरावाटे बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाचा धातू, कूलंट आणि ऑइल यांच्यात उतरते. कूलंट नव्वद अंशांच्या आसपास ठेवला जातो, त्यामुळे इंजिनाचा मुख्य भाग फार तापत नाही. तरीही शंभर किलोचं इंजिन आणि पाच-सहा लिटर कूलंट तीस अंशांवरून पंच्याण्णववर नेलं, तर त्यात एक युनिट विजेहून थोडी जास्तच उष्णता साठते. पण तापमानाचा खरा खेळ धुराच्या वाटेवर असतो. सिलिंडरमधून निघालेला धूर ज्या मॅनिफोल्डमध्ये शिरतो तिथे पेट्रोल गाडीत सहाशे ते आठशे अंश तापमान ही रोजची गोष्ट आहे, आणि इंजिनावर जोर आला की ते त्याहून वर जातं. पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करायला लागतो तोच मुळी काहीशे अंशांवर. मागे डिक्कीखालच्या नळकांड्यापर्यंत येता येता धूर बराच निवतो. म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दोन-तीन मीटरच्या एकाच नळीचं एक टोक लालबुंद व्हायच्या बेतात आणि दुसरं जेमतेम चटका बसेल एवढं. आपण सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो ती ही सगळी यंत्रणा इंजिन बंद होताच निवायला लागते, आणि तिचा प्रत्येक तुकडा आपापल्या गतीने निवतो.

तापलं की धातू वाढतो आणि निवला की आक्रसतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण ही वाढ किती, हे आकड्यात पाहिलं की टकटकीचं नवल वाटेनासं होतं. साध्या पोलादाची एक मीटर लांबीची नळी दर अंशाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बारापट वाढते. चारशे अंशांवरची नळी तीस अंशांवर येईपर्यंत जवळजवळ साडेचार मिलिमीटर आखूड होते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं, काही जातींचं स्टेनलेस स्टील दीडपटीच्या आसपास, आणि कन्व्हर्टरमधली चिनी मातीच्या कुळातली जाळी जवळपास वाढतच नाही. हे सगळे पदार्थ एकमेकांना बोल्टने, क्लॅम्पने, वेल्डिंगने जखडलेले असतात. नळी आखूड व्हायला बघते, फ्लँज तिला धरून ठेवते. ताण साठत जातो, घर्षणापलीकडे गेला की जोड केसाएवढा सरकतो आणि पुन्हा घट्ट बसतो. ते सरकणं क्षणार्धाचं असतं, पण पातळ पत्र्याला तेवढा धक्का पुरतो आणि तो टक् करून वाजतो. पुन्हा ताण साठतो, पुन्हा सरकतो. सर्वांत जास्त वाजणारा भाग बहुधा नळी नसतेच. नळीची आणि कन्व्हर्टरची धग केबिनला, वायरिंगला किंवा इंधनाच्या टाकीला लागू नये म्हणून लावलेलं संरक्षक पत्र्याचं कवच असतं ते. हे हीट शील्ड पातळ असतं, दोन-चार बोल्टवर लटकलेलं असतं, आणि थाळीसारखं घुमतं. दिवसभर उन्हात तापलेलं पत्र्याचं छप्पर दिवेलागणीला कडकड वाजायला लागतं तेव्हा नेमकं हेच घडत असतं, फरक तापमानाचा.

आता लयीकडे. तापलेली वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि भोवतालच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं, असं आयझॅक न्यूटनने 1701 साली नाव न छापता प्रसिद्ध केलेल्या एका लेखात मांडलं. चारशे अंशांवरची नळी तीस अंशांच्या हवेत असेल तर फरक 370 चा. तीच नळी एकशेवीसवर आली की फरक उरतो 90 चा, म्हणजे निवण्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षात तो त्याहूनही जास्त घसरतो, कारण जास्त तापलेली वस्तू हवेला उष्णता देते तशी किरणांवाटेही टाकते, आणि हे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. भोवतालाकडून परत मिळणारी उष्णता वजा करून याच दोन तापमानांचा हिशोब मांडला तर चारशे अंशांवरची नळी एकशेवीस अंशांच्या मानाने बारा-तेरापट जास्त उष्णता किरणांवाटे टाकते. म्हणून सुरुवातीला आक्रसणं झपाट्याने होतं, ताण भराभर साठतात आणि टकटक दाट येते. मग दोन आवाजांमधलं अंतर वाढत जातं, पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट, आणि शेवटी एखादा चुकार टक् येऊन सगळं शांत होतं. ही विरळ होत जाणारी लय निवण्याची सही आहे. पंख्याला, पंपाला, रिलेला, गळक्या नळीला ही सही सहज करता येत नाही, कारण त्यांचं चालणं तापमानातल्या फरकावर असं हळूहळू उतरत नाही. कानाने ओळखण्यासारखी इतकी भरवशाची खूण गाडीच्या बाबतीत दुसरी क्वचितच सापडेल.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो जुन्या गाड्यांचा. पद्मिनी, ॲम्बॅसडर कधी अशा वाजत नव्हत्या, आताच्या गाड्यांचा पत्राच हलका, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पत्रा हलका झाला हे काही प्रमाणात खरं आहे, पण टकटकीचं मुख्य कारण ते नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल 1995 पासून. त्याआधीच्या गाडीच्या पोटाखाली एक नळी आणि एक डबा, एवढाच संसार होता. कन्व्हर्टर आला तसं त्याच्याभोवती कवच आलं, मग तो लवकर तापावा म्हणून इंजिनाला अगदी चिकटून बसवला जाऊ लागला, आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टरही आला. तापणारे भाग वाढले, जोड वाढले, पत्र्याची कवचं वाढली. टकटक वाढली नसती तरच आश्चर्य. शिवाय पूर्वी गाडी रस्त्यावर उभी राहायची; आता ती सोसायटीच्या तळघरात उभी राहते, तिथे काँक्रीटच्या चार भिंती प्रत्येक टक् दुप्पट करून परत पाठवतात. आणि जुन्या गाड्या बंद केल्यावर अगदी निमूट होत्या असंही नाही. कार्ब्युरेटरच्या कितीतरी गाड्या चावी काढल्यावरही खड्खड् करत काही क्षण चालतच राहायच्या, कारण सिलिंडरमध्ये साचलेली तापलेली काजळीच पेट्रोल पेटवायची. तो मात्र नक्की दोष होता. इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारणाऱ्या आताच्या पेट्रोल गाडीत चावी काढली की फवाराच बंद होतो, त्यामुळे ते दुखणं उरलेलं नाही. एअर-कूल्ड मोटारसायकलवाल्यांना तर टकटक नवी नाहीच. त्यांच्या इंजिनावरचे पातळ पंख फार वाजू नयेत म्हणून काही कंपन्या त्यांच्या फटींत रबराचे तुकडे बसवतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. ताण साठतो आणि सुटतो हे मान्य, पण रोज दोनदा असं होत राहिलं तर धातू कधीतरी थकणार नाही का? थकतो. वारंवार तापून-निवून मॅनिफोल्डला तडे जातात, जोडाचे बोल्ट तुटतात, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. पण रचना करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणूनच ते धुराच्या वाटेला मुद्दाम मोकळीक ठेवतात. इंजिनामागे लवचीक जाळीदार नळी असते, काही जोड स्प्रिंगच्या बोल्टवर असतात, सगळी लांबी रबराच्या लोंबत्या कड्यांवर टांगलेली असते, आणि कन्व्हर्टरच्या जाळीभोवती तापल्यावर फुगणारा एक जाडसर थर गुंडाळलेला असतो, कारण बाहेरचा पोलादी डबा वाढतो आणि आतली जाळी वाढत नाही. म्हणजे आपल्याला ऐकू येतो तो टक् बहुतेक वेळा ताण सुरळीत सुटल्याचा असतो. जिथे धातू सरकू शकत नाही तिथे आवाज होत नाही, आणि तडा जायची भीती तिथेच जास्त. तडा गेला की त्याचा आवाज कधी येतो हेही लय ऐकणाऱ्याला कळतं. तो निवताना येतच नाही. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मॅनिफोल्डच्या बाजूने फट्-फट्-फट् असा, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर पळणारा आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो किंवा थांबतो, कारण तापून वाढलेला धातू ती फट स्वतःच बुजवतो. निवतानाच्या टकटकीच्या हा बरोबर उलट आहे. तसाच फुटलेला कन्व्हर्टर गाडी चालताना किंवा खालून थोपटल्यावर खुळखुळतो, आणि सुटलेलं हीट शील्ड ठरावीक वेगाला झणझणतं. तेव्हा बंद गाडीची टकटक अचानक फार वाढली असेल, तर ती टकटक ऐकत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू करताना कान द्यावा.

आता एका लयीत चालणारे आवाज. यात सर्वांत जास्त घाबरवणारा रेडिएटरचा पंखा. काही गाड्यांत चावी काढली की पंखाही थांबतो, पण पुष्कळ गाड्यांत तो नंतरही काही मिनिटं घोंघावत राहतो, कधी तर थांबून पुन्हा सुरू होतो. कारण सरळ आहे. इंजिन बंद झालं की बहुतेक गाड्यांत कूलंट फिरवणारा पंपही थांबतो, पण सिलिंडरच्या डोक्यातली उष्णता काही थांबत नाही. ती जागच्या जागी उभ्या असलेल्या कूलंटमध्ये उतरत राहते. म्हणून गाडी बंद केल्यानंतर पहिली काही मिनिटं कूलंटचं तापमान उतरत नाही, उलट थोडं चढतं. सेन्सरला ते कळतं आणि पंखा लागतो. टर्बो असलेल्या काही गाड्यांत याच कारणासाठी विजेवरचा छोटा पंप चालू राहतो आणि घूं असा बारीक आवाज येतो. टर्बोचा दांडा ऑइलच्या थरावर फिरतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर तिथे अडकलेलं ऑइल करपून त्याचा कोळसा होतो, म्हणून अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद करण्याचा सल्ला आजही गैर नाही. बीएस-6 डिझेलची गोष्ट आणखी वेगळी. काजळीचा फिल्टर भरला की तो सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवून आतली काजळी जाळली जाते, आणि हे गाडी चालत असताना आपोआप होतं. नेमकं मध्येच गाडी बंद केली तर पंखा जोरात सुटतो, टकटक नेहमीपेक्षा कितीतरी दाट येते, जळका वासही येतो. गाडी पेटणार असं वाटण्यासारखीच ही स्थिती, पण तो बिघाड नाही. मात्र अशी गाडी वाळल्या गवतावर उभी करणं धोक्याचंच. उन्हाळ्यात कोकणातल्या सड्यांवर किंवा घाटमाथ्यावर फोटो काढायला गाडी गवतात घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पंखा सुरू आहे म्हणजे गाडी गरम झाली असेल, बघू या, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट निर्णय. त्या झाकणाआड हवेच्या दाबाहून जवळपास एक बार जास्त दाब असतो. त्या दाबाखाली पाणी एकशेवीस अंशांपर्यंत न उकळता राहतं आणि झाकण सैल होताच एकदम उकळून अंगावर येतं. उलट, निवताना कूलंटच्या टाकीकडून येणारी हलकी गुडगुड ही नेहमीची असते. तापून फुगलेला कूलंट टाकीत गेलेला असतो आणि आक्रसताना परत ओढला जातो. गुडगुड रोजच फार येत असेल, सोबत कूलंटची पातळीही घटत असेल, तर मात्र हवा कुठून तरी आत शिरतेय. एसी बंद झाल्यावर डॅशबोर्डामागे फुस्स होतं ते वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होण्याचं; अर्ध्या-एक मिनिटात संपतं. गाडीखाली ठिबकणारं स्वच्छ पाणीही एसीचंच, मुंबईच्या दमट हवेत तर ते थांबतच नाही. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना मध्यरात्री गॅरेजमधून पंपासारखा आवाज ऐकू आला तर त्यांनी आधी मालक-पुस्तिका उघडावी: टोयोटाच्या काही गाड्या इंजिन बंद केल्यावर सुमारे पाच तासांनी इंधनाची वाफ कुठे गळतेय का हे स्वतःच तपासतात आणि काही मिनिटं आवाज करतात. इतक्या तासांनंतर, एका लयीत, म्हणजे तो निवण्याचा नाही, हे पुस्तिका न उघडताही ओळखता येतं. इलेक्ट्रिक गाडीत धुराची नळीच नाही, त्यामुळे तिथली टकटक जवळपास नाहीशी होते. तिथे उरतो बंद करताच बॅटरीचं कनेक्शन तोडणाऱ्या मोठ्या रिलेचा एक ठोस खट्, आणि कधी बॅटरी गार ठेवणाऱ्या पंपाचा आवाज.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो माझ्या म्हणण्याची मर्यादा दाखवतो. निवताना आक्रसणं निरुपद्रवी असेल तर ते सगळीकडेच तसं असतं का? नाही. लांबलचक घाट उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क काहीशे अंशांवर तापलेल्या असू शकतात. अशा वेळी गाडी उतारावर लावून हँडब्रेक ओढला, तर मागच्या चाकांना डिस्क असणाऱ्या गाडीत तो तापून फुगलेल्या डिस्कवर आणि पॅडवर बसतो. दोन्ही निवतात, जाडी किंचित कमी होते आणि पकड सैल पडते. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या काही गाड्या म्हणूनच थोड्या वेळाने स्वतःहून तो पुन्हा आवळतात, आणि मागच्या चाकाकडून येणारा तो घर्र आवाज ऐकून लोक पुन्हा घाबरतात, खरं तर हायसं वाटायला हवं. ड्रमच्या ब्रेकमध्ये उलटं घडतं. तापलेला ड्रम निवताना आतल्या शूजवर आवळला जातो आणि पकड वाढते. पण तारेने ओढायचा हँडब्रेक आणि मागे डिस्क असेल, तर ही पकड सैल होण्याचा कसलाही आवाज येत नाही. पोटाखाली सायलेन्सर टकटकत असतो, ऐकणारा त्याच्याकडे लक्ष देऊन असतो, आणि मागे ब्रेक हळूहळू ढिला पडत असतो. तेव्हा खंबाटकी, कसारा किंवा आंबोली उतरून चहाला थांबताना हँडब्रेक कसून ओढाच, पण गाडी गियरमध्ये टाकून ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये, आणि पुढची चाकं कठड्याच्या किंवा डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा.